नऊ इंची लादी

अमेरिकेत जुनं घर विकत घेताना व्यवहार पक्का होण्याआधी घराची तपासणी करून घ्यायची रीत आहे. न्यू जर्सीत किंवा लाँग आयलंडवर 1950-60च्या काळातलं घर पसंत करणाऱ्या मराठी कुटुंबाच्या हाती जो अहवाल येतो, त्यात छप्पर, वायरिंग, बॉयलर यांच्या पाठोपाठ बेसमेंटच्या जमिनीबद्दल बरेचदा एक शेरा असतो: नऊ इंची चौकोनी लाद्या आहेत, त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव आहे, धक्का लावू नये. वाचणारा इथे अडखळतो. अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे कॅन्सर, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. याच देशात एखाद्या शाळेच्या पाइपांवरचं अ‍ॅस्बेस्टॉस काढायचं झालं तर नखशिखान्त झाकलेली माणसं येतात, दारं-खिडक्या प्लॅस्टिकने बंद होतात आणि हवा तपासल्याशिवाय कोणाला आत सोडत नाहीत. आणि त्याच देशाची पर्यावरण संरक्षण संस्था, ईपीए, घरमालकाला सांगते की लादी धड असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका, नवी जमीन हवी असेल तर शक्यतो वरूनच टाका. एकाच पदार्थाबद्दल एकाच सरकारचे हे दोन सल्ले. यातला एक तरी चुकीचा असणार, असं वाटणं साहजिक आहे.

दोन्ही बरोबर आहेत. घरात अ‍ॅस्बेस्टॉस किती किलो आहे याला फारसं महत्त्व नाही; त्याचे धागे सुटून हवेत येतात का, आणि आले तर किती, यावर सगळा धोका ठरतो. हे एकदा नीट समजलं की कोणत्या जमिनीला हात लावायचा, कोणत्या नाही, आणि लावायचाच तर कसा, याची उत्तरं त्यातूनच निघतात. मात्र त्यासाठी आधी या दगडाचा स्वभाव पाहावा लागेल.

उभा चिरणारा दगड

अ‍ॅस्बेस्टॉस हे कारखान्यात तयार केलेलं रसायन नव्हे, ते खाणीतून निघतं. सहा वेगवेगळ्या खनिजांना मिळून हे एकच व्यापारी नाव पडलं आहे. त्यातलं पांढरं, म्हणजे क्रायसोटाइल, आजवर वापरल्या गेलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसपैकी सुमारे 95 टक्के आहे. तपकिरी अमोसाइट आणि निळं क्रोसिडोलाइट त्या मानाने कमी वापरलं गेलं, पण घातकपणात ती दोन्ही वरचढ ठरली. जमिनीच्या लाद्यांत जवळजवळ नेहमी पांढरंच सापडतं. हा दगड असा की त्याचे तंतू नखाने सोलून काढता येतात. ते जळत नाहीत, कुजत नाहीत, ओढले तरी सहजासहजी तुटत नाहीत, आणि त्यांचं कापडसुद्धा विणता येतं. उद्योगाला हा दगड आवडला यात नवल नव्हतं.

त्याचा खोडसाळपणा आहे तो तुटण्याच्या तऱ्हेत. काचेचा तंतू मोडतो तेव्हा आडवा मोडतो, म्हणजे लांबी कमी होते आणि जाडी तेवढीच राहते. अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू उभा चिरतो. एका जाड तंतूचे तेवढ्याच लांबीचे, पण कितीतरी बारीक असे अनेक तंतू होतात, त्यांचे आणखी बारीक होतात. माणसाचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो. क्रायसोटाइलचा सर्वांत बारीक धागा एका मायक्रॉनच्या चाळिसाव्या भागाइतका. तेव्हा हा पदार्थ घासला, कापला, कुटला की त्याचा नुसता भुगा होत नाही, तर धोकादायक आकाराच्या धाग्यांची संख्या वाढत जाते. सँडर किंवा ग्राइंडर फिरवणं हे या जमिनीच्या बाबतीत सर्वांत वाईट काम का, त्याचं कारण या उभ्या चिरण्यात आहे.

लादीत तो घातला कशाला

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरांची प्रचंड टंचाई होती. लाँग आयलंडवरच्या लेव्हिटाउनमध्ये 1947 ते 1951 या काळात सतरा हजारांहून जास्त घरं उभी राहिली, आणि त्यांना तळघर नव्हतं. जमिनीवर काँक्रीटचा स्लॅब, स्लॅबमध्ये गरम पाण्याच्या नळ्या आणि वर थेट डांबरी टाइल. या सगळ्यात लाकडी जमिनीचा खर्च वाचत होता. काँक्रीटवर थेट चिकटवायची टाइल पातळ हवी, स्वस्त हवी, गरम-गार झाल्यावर आकसून फटी पडायला नकोत, ओल आली तरी वाकायला नको. डांबरात किंवा पुढे आलेल्या व्हिनाइलमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू आणि चुनखडीची पूड कालवली की हे सगळं एकदम साधत होतं. आपल्याकडे कुडाच्या भिंतीला लिंपायच्या मातीत भाताचं तूस किंवा पेंढ्याचे तुकडे कालवतात, ते ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी: सुकताना भेगा पडू नयेत आणि गिलावा एकसंध राहावा. भिंतीतलं ते तूस कोणाच्या नाकात जात नाही, कारण प्रत्येक कण मातीने लपेटलेला असतो. भिंत कुदळीने पाडायला घेतली की मात्र खोलीभर धुरळा होतो.

डांबरी टाइल 1920च्या दशकापासून मिळत होती. डांबर काळं, म्हणून तिचे रंग गडदच असायचे. जुन्या बेसमेंटमधली चॉकलेटी किंवा गडद हिरवी लादी बहुधा या जातीची असते. फिकट, रंगीत, संगमरवरी छटेची व्हिनाइल-अ‍ॅस्बेस्टॉस लादी 1950नंतर पसरली आणि 1980च्या सुमारास मागे पडली. नऊ इंच लांब-रुंद हे माप इतकं रूढ होतं की आज तीच पहिली खूण मानतात. पण बारा इंची लादीतही अ‍ॅस्बेस्टॉस सापडतं, त्यामुळे नुसतं माप मोजून निश्चिंत होता येत नाही. लादीखालचा काळा डांबरी गोंद, ज्याला तिथले कंत्राटदार मॅस्टिक म्हणतात, त्यातही तंतू घातलेले असत. ब्रुकलिनच्या आकाशात ‘केन्टाइल फ्लोअर्स’ या लाद्यांच्या कंपनीची अवाढव्य पाटी कित्येक दशकं दिसायची. अ‍ॅस्बेस्टॉसच्या दाव्यांखाली दबून ती कंपनी 1992 मध्ये दिवाळ्यात गेली, पाटी 2014 मध्ये उतरवली, पण तिच्यासारख्या कंपन्यांच्या लाद्या अजून असंख्य घरांत पायाखाली आहेत.

श्वासातून पुढे

हवेत आलेली साधी धूळ नाकातल्या केसांत आणि श्वासनलिकेच्या ओल्या अस्तरात अडकते आणि शिंकरून-खाकरून बाहेर पडते. बारीक, लांबट धागा मात्र हवेच्या प्रवाहाच्या दिशेने सरळ होतो आणि नळ्यांच्या वळणांतून थेट वायुकोशांपर्यंत पोचतो. तिथे सफाईचं काम करणाऱ्या पेशी असतात. एखादा कण आला की त्या तो गिळतात आणि विरघळवतात. या पेशीचा व्यास पंधरा-वीस मायक्रॉन. त्याहून लांब धागा आला तर पेशी त्याला एका टोकाकडून गिळायला लागते आणि दुसरं टोक बाहेरच राहतं. गिळता येत नाही, सोडवत नाही. या झटापटीत पेशीतली तीव्र रसायनं आजूबाजूला सांडत राहतात. जागा सुजते, बरी होते, पुन्हा सुजते. वर्षानुवर्षं हे चाललं की फुफ्फुसात व्रणासारखी निबर ऊती वाढते (हा अ‍ॅस्बेस्टोसिस), पेशींच्या जनुकांना इजा होऊन फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, आणि धागे फुफ्फुसाच्या बाहेरच्या पातळ आवरणापर्यंत गेले तर मेसोथेलिओमा. हा एरवी फार दुर्मीळ कॅन्सर आहे, आणि त्याचं मुख्य ज्ञात कारण अ‍ॅस्बेस्टॉसच आहे. जो सिगरेट ओढतो त्याला अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसत्या बेरजेने वाढत नाही, त्याहून पुष्कळ अधिक वाढतो.

या सगळ्यात माणसाला फसवणारी गोष्ट म्हणजे मधला काळ. धागे आत गेल्यापासून रोग दिसेपर्यंत सहसा 20 ते 50 वर्षं जातात. त्या दिवशी खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, वास येत नाही. म्हणूनच “आम्ही सगळी जमीन स्वतः उखडली, काही झालं नाही” हा शेजाऱ्याचा दाखला निरर्थक असतो. काही झालं की नाही हे कळायची वेळच अजून आलेली नसते. आणि हा फक्त कारखान्यातल्या कामगारांचा प्रश्न आहे, हेही खरं नाही. न्यू जर्सीत पॅटर्सनला दवाखाना चालवणाऱ्या डॉ. आयर्विंग सेलिकॉफ यांनी 1964 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचं आवरण चढवणाऱ्या कामगारांमधल्या कॅन्सरची आकडेवारी मांडली; पुढच्याच वर्षी लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन या दोघी संशोधिकांना मेसोथेलिओमाचे असे रुग्ण सापडले जे कधी कारखान्यात गेलेच नव्हते, फक्त कामगाराच्या घरात राहत होते. कपड्यांवरून घरी आलेली धूळ तेवढ्याला पुरेशी होती. ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिराच्या जवळ मॅनव्हिल नावाचं गाव आहे. ते नाव जॉन्स-मॅनव्हिल या अ‍ॅस्बेस्टॉस कंपनीवरून पडलेलं आहे, आणि त्या गावाने घरी आलेल्या धुळीची किंमत मोजली आहे.

मग काढून टाकलेलीच बरी?

इथपर्यंत वाचलेल्या माणसाचा हात सब्बलीकडे जातो. इतकं विष घरात कशाला ठेवायचं, एकदाच काढून टाकू, कायमची कटकट जाईल. हा विचार चुकीचा नाही, पण तो हिशेबातली एक मोठी रक्कम विसरतो. धड लादीतून रोजच्या चालण्याने हवेत येणारे धागे जवळजवळ नसतात, कारण प्रत्येक तंतू व्हिनाइलने किंवा डांबराने लपेटलेला असतो. हाताने चुरगाळली तर भुगा होतो का, ही तिथल्या कायद्याची कसोटी आहे. पाइपावरच्या लेपाचा होतो, लादीचा होत नाही. म्हणून त्या दोघांसाठी नियम वेगळे, आणि सुरुवातीला विसंगत वाटलेल्या दोन सल्ल्यांचं मूळ इथेच आहे. लादी उखडताना ती फुटते, फुटलेल्या कडांतून धागे सुटतात, आणि खालचा काळा गोंद यंत्राने खरवडला की आणखी सुटतात. बारीक धागे हवेत तासन् तास तरंगतात, खाली बसले तरी झाडू फिरवला की पुन्हा उठतात. म्हणजे जिथे धोका शून्याच्या जवळ होता, तिथे आपण तो निर्माण करतो.

हे नुसतं तर्काचं नाही, अनुभवाचंही आहे. 1986 मध्ये अमेरिकेत शाळांसाठी कायदा झाला: प्रत्येक इमारतीतलं अ‍ॅस्बेस्टॉस शोधा आणि त्याची व्यवस्था लावा. कायद्यात सरसकट काढून टाका असं कुठेही म्हटलेलं नव्हतं, पण घाबरलेल्या पालकांनी आणि संधी साधणाऱ्या कंत्राटदारांनी त्याचा तसा अर्थ लावला आणि काढण्याची लाट आली. 1990 मध्ये ईपीएला जाहीर सांगावं लागलं की काढणं हा बरेचदा उत्तम उपाय नसतो, आणि गलथानपणे काढलं तर जिथे धोका नव्हता तिथे तो तयार होतो.

यावर एक गंभीर आक्षेप असा: अ‍ॅस्बेस्टॉसची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच ज्ञात नाही, मग थोडं तरी घरात का सहन करायचं? आक्षेपातलं विधान खरं आहे. अमेरिकेत कामाच्या जागेसाठी हवेची मर्यादा दर घन सेंटिमीटरला 0.1 धागा एवढी आहे. ऐकायला नगण्य वाटतं. पण शांत बसलेला माणूस एका श्वासात सुमारे 500 घन सेंटिमीटर हवा घेतो, म्हणजे मर्यादेच्या काठावरच्या हवेत दर श्वासाला पन्नास धागे. ही मर्यादा पाळली तरी धोका उरतो, हे ती ठरवणाऱ्यांनीही मान्य केलं आहे. पण ‘सुरक्षित पातळी नाही’ या तत्त्वाचा खरा रोख श्वासातल्या धाग्यांवर आहे, जमिनीत जखडलेल्या धाग्यांवर नाही. श्वासात एकही धागा जास्त जाऊ नये असं ज्याला खरोखर वाटतं, त्याने धड लादी फोडण्याच्या विरोधातच मत दिलं पाहिजे. दुसऱ्या टोकाला जाऊनही चालणार नाही. एखादी लादी चुकून फुटली म्हणजे आयुष्य संपलं असं नाही. धोका श्वासात गेलेल्या धाग्यांच्या एकूण साठ्यावर वाढत जातो, आणि थोडेफार धागे तर शहरातल्या उघड्या हवेतही असतात.

नियम उलटतो तेव्हा

वरचा सगळा युक्तिवाद लपेटलेल्या धाग्यावर उभा आहे. लपेट नसेल तर तो कोसळतो, आणि स्वयंपाकघरात तो कोसळायची शक्यता बरीच असते. जुन्या स्वयंपाकघरांत आणि न्हाणीघरांत लादीऐवजी व्हिनाइलची अखंड गुंडाळी अंथरलेली असते. तिच्या वरच्या थरात काही नसतं, पण पाठीला करड्या किंवा पांढुरक्या पुठ्ठ्यासारखा एक पातळ थर असतो, आणि काही जातींत तो मुख्यतः अ‍ॅस्बेस्टॉसचाच असतो. गुंडाळी कोपऱ्यातून धरून ओढली की हा पुठ्ठा मधोमध फाटतो: अर्धा गुंडाळीला चिकटून वर येतो, अर्धा जमिनीवर लवेसारखा राहतो. मग घरमालक ती लव सपाट करायला सँडर आणतो. घरगुती दुरुस्तीत याहून वाईट प्रसंग कल्पिणं कठीण आहे. ईपीएने 1989 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर जवळजवळ सरसकट बंदी घातली होती, ती 1991 मध्ये न्यायालयात बहुतांश रद्द झाली. पण जी मोजकी उत्पादनं तेव्हाही बंदीखाली राहिली त्यांत जमिनीखालचा हा अ‍ॅस्बेस्टॉसचा नमदा होता. (अमेरिकेत क्रायसोटाइलच्या उरल्यासुरल्या वापरावर बंदीचा नियम यायला 2024 उजाडावं लागलं, हे जाता जाता.)

लादीची लपेटही कायमची नसते. स्लॅबखालून ओल चढत असेल तर गोंद सुटतो, लाद्या उचकटतात, कडा ढासळतात. जड कपाट सरकवल्याने, सारख्या घासण्याने त्या झिजतात. चमक आणण्यासाठी कोरडं पॉलिश यंत्र जोरात फिरवणं हाही अपराधच. कामाच्या जागेच्या नियमांत अशा जमिनीवरचं जुनं पॉलिश काढतानाही यंत्र मिनिटाला 300 फेऱ्यांच्या आत आणि ओलं करूनच चालवायला सांगितलं आहे. एक-दोन लाद्या सुटल्या असतील पण अखंड असतील तर त्या पुन्हा चिकटवता येतात. निम्मी जमीन चुरा होत असेल तर मात्र ‘हात लावू नका’ हा सल्ला संपला, आणि काढण्याचा विचार करावा लागतो.

चौकट: नमुना देण्याआधी

डोळ्यांनी पाहून अ‍ॅस्बेस्टॉस ओळखता येत नाही, माहीत नसेल तोवर आहे असं धरून चालायचं. नमुना शक्यतो प्रशिक्षित माणसाकडून घ्यावा. पंखा, हीटिंग आणि एसी बंद, मुलं दुसऱ्या खोलीत, साबणाचे दोन थेंब घातलेलं पाणी फवारून जागा ओली, खाली प्लॅस्टिक, कपाटाखालचा, आधीच सुटलेला तुकडा मिळाला तर उत्तम. लादी आणि गोंद यांची तपासणी वेगवेगळी करायला सांगावी. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाला लादीतले अतिबारीक धागे बरेचदा दिसत नाहीत, म्हणून ‘नाही’ असा अहवाल आला तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी मागावी. न्यूयॉर्क राज्यात अशा नमुन्यांसाठी तशी अटच आहे. आणि लादी आधीच फुटली असेल, तर झाडू नको, घरचा व्हॅक्यूम मुळीच नको (त्याच्या पिशवीतून धागे आरपार जाऊन खोलीभर पसरतात), ओल्या फडक्याने टिपून फडक्यासकट बंद पिशवीत.

झाकणं, आणि नाइलाजाने काढणं

झाकणं सोपं आहे, पण त्यातही अडकायच्या जागा आहेत. सर्वांत आधी ओल. ओल असलेल्या स्लॅबवर नवा थर घातला तर वर सगळं चकाचक आणि खाली लाद्या सुटत राहतात, म्हणून पाण्याचा बंदोबस्त आधी आणि जमीन नंतर. मग थर निवडताना पाहायचं ते एवढंच की खिळे आणि भोकं किती पडणार आहेत. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा घालायचा तर कडेने खिळ्यांच्या पट्ट्या ठोकाव्या लागतात, म्हणजे खोलीच्या चारी बाजूंनी दर काही इंचांवर लादी फोडायची. त्यापेक्षा एकमेकांत अडकणाऱ्या, खालच्या जमिनीला न चिकटणाऱ्या व्हिनाइल किंवा लॅमिनेटच्या पट्ट्या बऱ्या. त्या नुसत्या पसरायच्या असतात. आधीच्या लाद्या एकाच पातळीत नसतील तर खड्डे लेव्हलिंगच्या लगद्याने भरायचे, उंचवटे घासून काढायचे नाहीत.

काढणं अटळच असेल, म्हणजे जमीन चुरा झाली असेल किंवा स्लॅब फोडून गटाराची नळी बदलायची असेल, तर परवानाधारक कंत्राटदार बोलवावा. तो खोली प्लॅस्टिकने बंद करतो, पंख्याने आतली हवा गाळणीतून बाहेर ओढत ठेवतो जेणेकरून धूळ घरात न जाता उलट घरातली हवा आत येत राहील, लाद्या ओल्या किंवा गरम करून अखंड उचलतो, दुहेरी जाड पिशव्यांत सील करतो आणि ठरवून दिलेल्या कचराभूमीत पोचवतो. या गाळणीला हेपा म्हणतात, 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण ती अडवते. काम संपल्यावर हवेची तपासणी त्याच कंत्राटदाराकडून करून घेऊ नये, वेगळ्या माणसाकडून घ्यावी. स्वतःचा पेपर स्वतःच तपासला की गुण चांगलेच पडतात. अमेरिकेच्या संघीय नियमांतून चार किंवा कमी बिऱ्हाडांच्या राहत्या इमारती बहुतेक वगळलेल्या आहेत, आणि अनेक राज्यांत मालकाला स्वतःच्या घरातली जमीन स्वतः काढायची मुभा आहे. पैसे वाचतात, म्हणून मोह होतो. पण कायद्याने दिलेली ही सूट लहान कामांमागे सरकारी यंत्रणा धावू नये यासाठी आहे. मालकाच्या फुफ्फुसांना धाग्यांनी कोणतीही सूट दिलेली नाही. काळा गोंद राहिला तर राहू द्यावा, त्यावर बंदिस्त करणारा लेप द्यावा. तो खरवडायचा हट्ट बहुतेक वेळा सौंदर्यासाठी असतो.

“हा तर कारखानदारांचाच युक्तिवाद”

भारतातल्या वाचकाच्या मनात इथे वेगळीच शंका यायला हवी. जखडलेला धागा निर्धोक, हे तर अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे विकणारे कधीपासून म्हणत आले आहेत. मग मॅनव्हिलच्या वाताहतीनंतरही त्यांचीच री ओढायची का? फरक असा की घरात आधीच बसलेल्या जुन्या मालाचं काय करावं हा एक प्रश्न, आणि नवा माल बनवावा का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘बहुधा तसाच ठेवा’ असलं तरी दुसऱ्याचं ‘बनवू नका’ हेच राहतं, कारण प्रत्येक लादी आणि प्रत्येक पत्रा कधीतरी खाणीतून पोत्यात, पोत्यातून यंत्रात गेलेला असतो आणि कधीतरी फुटणार असतो. त्या दोन्ही टोकांना धागा मोकळाच असतो. म्हणून साठाहून जास्त देशांनी बंदी घातली आणि जागतिक आरोग्य संघटना सर्व प्रकारांचा वापर थांबवा असं म्हणते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याबाबत आदेश दिले, देशातल्या खाणींना सरकारने आवर घातला, पण रशिया-कझाकस्तानसारख्या देशांतून क्रायसोटाइल येत राहिलं आणि पत्रे बनत राहिले.

जमिनीत हा पदार्थ आपल्याकडे फारसा शिरला नाही, कारण शहाबादी, कोटा आणि मोझॅक स्वस्त होते. तो गेला छपरावर. आणि छपराचं गणित लादीपेक्षा वाईट आहे. सिमेंट पावसाने झिजतं, वरचा थर निघून तंतू उघडे पडतात, शेवाळ धरतं. मग मे महिन्यात कोणीतरी तारेचा ब्रश घेऊन ते खरवडतं, हुकसाठी कोरडी भोकं पाडली जातात, फुटके तुकडे कोंबड्यांच्या खुराड्याला किंवा रस्त्यातल्या खड्ड्यात जातात. शेवाळ काढायचंच तर पत्रा भिजवून आणि मऊ ब्रशने काढावं, भोक पाडताना पाणी सोडावं, पत्रा उतरवताना तो वरून टाकून न फोडता अखंड खाली आणावा. त्यावर उभं राहू नये हे वेगळं सांगायला नको. धाग्यांच्या आधी जुना पत्रा फुटून पडलेल्या माणसांचा हिशेब मोठा आहे.

पुढच्या मालकाचं काय

झाकण्याविरुद्धचा शेवटचा आक्षेप नैतिक आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. आपण झाकून मोकळे होतो. वीस वर्षांनी घर घेणाऱ्याला खाली काय आहे हे माहीत नसतं, तो ड्रिल लावतो. अमेरिकेत जुन्या घरातल्या शिशाच्या रंगाची माहिती खरेदीदाराला द्यावी असा संघीय कायदा आहे, अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल तसा नाही. राज्यांचे नियम निरनिराळे आहेत. म्हणून झाकण्याचा पर्याय तेव्हाच प्रामाणिक ठरतो जेव्हा त्याची नोंद मागे राहते. नवी जमीन पडण्याआधी लाद्यांचे फोटो, कोणत्या खोलीत कुठपर्यंत आहेत याचा हाताने काढलेला नकाशा आणि प्रयोगशाळेचा अहवाल घराच्या कागदपत्रांत ठेवावा, आणि त्याची एक प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बेसमेंटमध्ये बॉयलरशेजारी भिंतीला लावावी. जमीन फोडायची वेळ आली की सगळ्यात आधी तिथे प्लंबर पोचतो, आणि घराची फाइल कोणी त्याला दाखवत नाही.